सात फूट कमी

त्याला सगळे फूटपट्टी म्हणत. नाव ठेवलं कारखान्यातल्या लोकांनी, आणि ते इतकं चिकटलं की पुढे घरातही शिरलं. तीस वर्षं त्याने नकाशाघरात टेबलावर वाकून पंपांच्या सुट्या भागांचे नकाशे काढले होते. लग्नाचा फोटो भिंतीवर लावताना खिळ्याची जागा त्याने चार वेळा मोजली, तेव्हा सासऱ्यांनी अक्षरशः हात जोडले होते. "जावईबापू, ठोका आता. भिंत काही पळून जात नाही."

मग नकाशाघर बंद झालं आणि बावन्नाव्या वर्षी तो घरी बसला. जाण्याआधीच्या वर्षात त्याच्या हातून दोन नकाशे चुकले होते. एकात भोक तीन मिलिमीटर सरकलं होतं. साहेब रागावले नाहीत, गुपचूप दुसऱ्याकडून दुरुस्त करून घेतलं. रागावले असते तर बरं झालं असतं. ते न रागावणं त्याच्या मनाला फार लागलं.

ही कल्पना साडूची. बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा, घरांची दलाली करायचा. हा माणूस बोलायला लागला की समोरच्याने फक्त मान हलवायची.

"बँका जप्त केलेली घरं लिलावात काढतात," साडू म्हणाला. "लोक बिचकतात. म्हणतात, कुणाचे तळतळाट असतील त्यात. आपण घ्यायचं, डागडुजी करायची, रंग काढायचा, विकायचं. डोकं तुमचं, तोंड माझं."

"आणि घाम कुणाचा?" फूटपट्टीच्या बायकोने विचारलं. घराच्या पुढच्या खोलीत ती बायकांचे केस कापायची. कात्री थांबवायची नाही आणि कान मिटायचे नाहीत, ही तिची वीस वर्षांची सवय.

"घाम मजुरांचा, मेहुणीबाई. आपण फक्त उभं राहायचं."

असं म्हणता म्हणता पहिलं घर घेतलंसुद्धा. गल्लीच्या टोकाचं, एकमजली, वर सपाट गच्ची आणि गच्चीच्या मागच्या कोपऱ्यात पाण्याची मोठी टाकी. दीड वर्ष बंद. लिलावात बोली लावणारा दुसरा एकच होता, तोही दोनदा हात वर करून गप्प बसला. कागदावर लिहिलं होतं, 'जसं आहे तसं'. साडूने त्या तीन शब्दांवर बोट ठेवून डोळा मारला. "हेच आपलं भांडवल."

ताबा द्यायला बँकेचा माणूस आला. त्याने लाखेचं सील फोडलं, किल्ली हातात दिली आणि फाटकाबाहेरच उभा राहिला.

"आत येताय ना?" साडूने विचारलं.

"नको. मी ताबा घ्यायच्या दिवशी आलो होतो. पुरे झालं तेवढं." त्याने पुढे केलेल्या कागदावर सह्या झाल्या आणि तो वळून चालू लागला.

आत माणसं नुकतीच उठून गेल्यासारखं होतं. बेसिनवरच्या पेल्यात दोन ब्रश. दारामागच्या खुंटीवर छत्री. स्वयंपाकघरात ओट्यावर उलटं घालून ठेवलेलं एकच पातेलं. जिना वर गेला की सरळ बोळ होता. डाव्या हाताला एक खोली, उजव्या हाताला एक. दोन्ही दारं ओलांडली तरी बोळ पुढे सहा पावलं जात होता आणि मग नुसता भिंतीशी जाऊन थांबत होता. तिथे खिडकी नव्हती, कपाट नव्हतं, काही नव्हतं. इथून परत फिरायचं, एवढंच.

फूटपट्टीने टेप काढला. सवयच ती. घर बाहेरून चौतीस फूट लांब. खाली स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीपर्यंतचा हिशेब चोख जुळला. वरचा मात्र जुळेना. भिंतींची जाडी धरूनसुद्धा सात फूट कमी. त्याने परत मोजलं. परत सात फूट कमी. मागच्या वर्षीचं ते सरकलेलं भोक त्याला आठवलं.

"साडूभाऊ, वर काहीतरी कमी पडतंय."

"वर टाकी आहे ना. तिच्याखाली भरीव बांधकाम असेल." साडू खालून ओरडला. "चला, नळवाला यायचाय."

टाकीखाली कुणी सात फूट विटा भरत नाही, हे त्याला तीस वर्षांच्या अनुभवावरून ठाऊक होतं. पण तीस वर्षांच्या अनुभवावर त्याचा स्वतःचाच विश्वास उरला नव्हता. त्याने वहीत आकडा लिहिला आणि पान उलटलं.

तीन आठवडे खालचं काम चाललं. कुजलेले नळ निघाले, फरशा उखडल्या, वायरी नव्या टाकल्या. नळवाला, वायरमन, फरशीवाला, सगळे गप्पा मारत काम करणारे. पण डबा खायला मात्र सगळे बाहेर फाटकाशी जात. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. फूटपट्टीही त्यांच्यात जाऊन बसायचा. एकदा त्याने विचारलंच, "आत सावली आहे की. उन्हात कशाला?"

फरशीवाल्याने घास गिळला. "आत कसं, साहेब, कुणाच्या तरी घरात न विचारता जेवल्यासारखं वाटतं."

मग रंगारी आला. मोठ्या आवाजात रेडिओ लावून त्याच्याबरोबर गाणारा, हसरा माणूस. वरच्या दोन्ही खोल्या त्याने दोन दिवसांत पांढऱ्याशुभ्र केल्या. तिसऱ्या दिवशी बोळाच्या टोकाच्या भिंतीला पहिला हात मारला. चौथ्या दिवशी सकाळी येऊन बघतो तर भिंतीवर डाग. जमिनीपासून सव्वादोन फुटांवर, पिवळसर तपकिरी, ताटलीएवढा. जुन्या कळकट रंगात तो कुणाच्या लक्षात आला नव्हता.

"ओल असेल," तो म्हणाला. पत्रीने रंग खरवडला, खड्डा बुजवायला लांबी भरली, वर परत रंग दिला. दुसऱ्या दिवशी डाग जिथल्या तिथे. त्याने भिंतीला हात लावून पाहिला. भिंत कोरडी ठणठणीत. ओलीचा डाग पसरतो, कडा सोडतो, खाली ओघळतो. हा हलतही नव्हता, वाढतही नव्हता.

तिसऱ्यांदा डाग वर आला त्या दिवशी रेडिओ बंद होता. फूटपट्टी वर गेला तर रंगारी जिन्याच्या वरच्या पायरीवर, भिंतीकडे तोंड करून उभा.

"साहेब, मी या भिंतीकडे पाठ करून काम करू शकत नाही."

"का?"

"मागे कुणीतरी बसलंय असं वाटतं. उभं नाही हं, बसलंय. खाली, जमिनीवर." आपण काय बोललो ते ऐकून तो स्वतःच ओशाळला. "माझी मजुरी राहू द्या पाहिजे तर. बाकीचं घर रंगवून झालंय." आणि त्याने काढता पाय घेतला. ब्रश धुवायलासुद्धा थांबला नाही.

साडूने फोनवर हसून घेतलं. "रविवारी गिऱ्हाईक येतंय घर बघायला. एक डाग आहे ना? तुम्हीच मारा की एक हात."

दुसऱ्या दिवशी दुपारी फूटपट्टी एकटाच गेला. बाहेर टळटळीत ऊन होतं, पण बोळाच्या टोकाशी ते पोचत नव्हतं. त्याने गुडघ्यांवर बसून डाग खरवडला, घासला, रंग लावला. गल्लीत कुणीतरी गाडी चालू करत होतं, तो आवाज आला आणि गेला. मग घर अगदी गप्प झालं. रिकाम्या घरात फरशी कुरकुरते, नळ ठिबकतो, काही ना काही चाललेलं असतं. इथे काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. कुणीतरी आवाज होऊ नये म्हणून जपतंय, तसं ते गप्प होतं.

कंबर धरली म्हणून रंग वाळेपर्यंत तो भिंतीच्या कडेला, ओल्या रंगाला न लागता, पाठ टेकून खाली बसला. पाय लांब केले. डोकं मागे टेकलं. आणि टेकताक्षणीच त्याच्या लक्षात आलं. डाग त्याच्या शेजारी, त्याच्या मानेच्या उंचीवर होता. म्हणजे त्याच्यापेक्षा बुटकं कुणीतरी इथे असंच पाय पसरून बसलं असतं, तर डोकं नेमकं तिथे टेकलं असतं.

तो उठला नाही. शेजारच्या रिकाम्या जागेकडे न बघता तो कितीतरी वेळ तसाच बसून राहिला.

खालून चपलांचा आवाज आला तेव्हा त्याच्या जिवात जीव आला. बायको डबा घेऊन आली होती. जिना चढून तिने आधी नवऱ्याचा चेहरा पाहिला, मग भिंत. ताज्या रंगातून तपकिरी छटा आत्ताच डोकावायला लागली होती. ती जवळ गेली, वाकली, नखाने डाग खरवडून बोटांत चोळला आणि वास घेतला.

"अहो, हे डोक्याचं तेल आहे."

"काय?"

"माझ्या दुकानातल्या खुर्च्या बघा, डोकं टेकायच्या जागी. अगदी हाच रंग. तेल भिंतीत मुरलंय, त्याला साधा रंग दाबू शकत नाही. लाखेचं पॉलिश मारा आधी, परत येणार नाही." एवढं धंद्याचं बोलून झाल्यावर तिने बोटं पुसली. मग हळूच म्हणाली, "पण इतकं मुरायला रोज बसावं लागतं. तास न् तास. इथे कुणी का बसेल हो? ना खिडकी, ना पंखा. अशी भिंतीला पाठ लावून माणसं कुठे बसतात माहितीये? दवाखान्यात. दाराबाहेर."

फूटपट्टीने खिशातून वही काढली आणि महिनाभरापूर्वीचं पान उघडलं.

"मी चुकलो नव्हतो," तो म्हणाला. त्याने मुठीने भिंत ठोठावली. कडेला भरीव आवाज आला, मध्ये पोकळ. ठोठावल्यावर दोघंही एक क्षण थांबले, जणू आतून कुणी उत्तर देणार होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडू छिन्नी-हातोडा घेऊन हजर झाला. वाटभर त्याची बडबड चालू होती. सोनं निघालं तर वाटणी कशी, जुनी भांडी निघाली तर मेहुणीला. भिंत चार इंची होती, सांधे वेडेवाकडे, विटा ओळंब्यात नाहीत. गवंड्याचं काम नव्हे. कुणीतरी आयुष्यात पहिल्यांदा आणि घाईघाईने थापी हातात घेतली होती. अर्ध्या तासात माणूस जाईल एवढं भगदाड पडलं. मागे दार होतं. दाराला कडी नुसती लावलेली.

फूटपट्टीने कडी काढली.

आत एका लहान मुलीची खोली होती. छताजवळच्या जाळीतून टाकीच्या सावलीतला करडा उजेड येत होता. पलंगावरची चादर चारी बाजूंनी नीट खोचलेली. पलंगाखाली निळ्या चपलांचा जोड, टाचा भिंतीकडे. टेबलावर उघडी वही, तिच्यावर टोक तुटलेली पेन्सिल. खोक्यात चष्म्यांच्या रिकाम्या चौकटी, बिनकाचेच्या, खेळायला दिल्यासारख्या. आणि पलंगासमोरच्या भिंतीवर डोळे तपासायचा तक्ता. वर एकच मोठं अक्षर, खाली ओळीगणिक अक्षरं बारीक होत गेलेली. सगळ्यात खालच्या ओळीशी, मूल उभं राहिलं तर हात पोचेल अशा उंचीवर, पेन्सिलीने प्रत्येक अक्षराखाली टिंब केलं होतं. वाचता आलेल्या अक्षरांना खूण केलेली. शेवटची दोन अक्षरं तेवढी राहिली होती.

धूळ फारशी नव्हती. साबणाचा आणि कागदाचा वास होता.

साडू दारात उभा होता. फूटपट्टीने वळून पाहिलं तर साडूने पायातले बूट काढून बाहेर विटांच्या ढिगाजवळ ठेवले होते. कधी काढले ते त्यालाही कळलं नसावं.

शेवटी साडू म्हणाला, "गाडी बोलावली तर दुपारपर्यंत रिकामं होईल." मग स्वतःच मान हलवली. "नाही. मी नाही बोलावत."

"बँकेला कळलं नाही कसं?"

"बँकेचा माणूस बोळ बघून परत फिरला असेल. आपल्यासारखाच."

टेबलाच्या खणात चष्म्याच्या दुकानाची पावती-पुस्तकं होती, मागच्या कोऱ्या बाजूंवर चित्रं काढलेली. पुढच्या बाजूला पत्ता होता. फूटपट्टी तिथे गेला. दुकानाच्या जागी आता फोन दुरुस्तीचं दुकान होतं. शेजारच्या चहावाल्याला विचारलं तेव्हा त्याने हातातली किटली खाली ठेवली.

"चष्मेवाला? आहे की. नेत्र-रुग्णालयाच्या मागे काचा घासायच्या कारखान्यात कामाला लागलाय. पोरगी गेली त्याची. तीन दिवसांचा ताप, बस. त्यानंतर दुकान उघडलंच नाही माणसाने. हप्ते थकले आणि मग घरही गेलं."

कारखान्यात घासणीच्या दगडांचा आवाज होता आणि सगळीकडे पांढरी पूड. चष्मेवाला कोपऱ्यातल्या यंत्राशी होता. पन्नाशीही न गाठलेला, पण भुवया पुडीने पांढऱ्या झालेल्या. फूटपट्टीने आपण कोण ते सांगितलं. त्याने यंत्र बंद केलं.

"रंगातून डाग आला असेल," तो म्हणाला.

"आला. त्याआधीच मी मोजलं होतं."

चष्मेवाल्याने हातातली काच उजेडात धरली, पाहिली आणि खाली ठेवली. "तुम्हाला वाटत असेल, बँक येणार म्हणून भिंत घातली. नाही. त्याच्या खूप आधी. मुलगी गेल्यावर माझी बायको त्या खोलीत गेली ती बाहेरच येईना. आठ महिने. तिथेच जेवायची, तिथेच झोपायची, जमिनीवर. पलंगाला हात लावायची नाही. मला वाटलं, खोलीच नसली तर येईल बाहेर. तिच्या बहिणीने तिला बळेच तीन दिवस नेलं, तेवढ्यात मी विटा आणल्या."

"मग?"

"मग काय. परत आली. जिना चढली. भिंत पाहिली. वाटलं, आता किंचाळेल, माझ्या अंगावर येईल. एक शब्द बोलली नाही हो. जाऊन भिंतीला पाठ लावून बसली. रोज. ताबा घ्यायला माणसं आली त्या दिवशीही तिथेच होती. त्यांनी तिला दंडाला धरून उठवलं."

फूटपट्टीला फाटकाबाहेर थांबलेला बँकेचा माणूस आठवला.

"भिंत पाडावी असं नाही वाटलं?"

"हातोडा दोनदा उचलला." चष्मेवाला त्याच्याकडे न बघता बोलत होता. "खरं सांगू? तिच्यासाठी घातली असं सगळ्यांना सांगितलं. पण त्या खोलीचं दार रोज बघणं मलाच जमत नव्हतं. भिंत माझ्यासाठी होती. ती बिचारी बाहेर बसली."

"घरी आता बोलतात का त्या?"

"जेवायला वाढलंय. दार लावून घे. एवढंच."

फूटपट्टीला धीर द्यायला कधी जमलं नव्हतं. तो म्हणाला, "शनिवारी या. दोघंही. आम्ही काही हलवलेलं नाही."

येतील असं त्याला वाटलं नव्हतं. पण शनिवारी दहाच्या सुमारास दोघं फाटकाशी उभे होते, मध्ये हातभर अंतर ठेवून. ती ठेंगणी होती. केस घट्ट विंचरलेले, तेल लावलेले. फूटपट्टीची नजर नकळत तिच्या डोक्याच्या उंचीवर गेली आणि त्याने ती खाली वळवली.

ती कुणाकडे न बघता आत शिरली. खालचं नवं स्वयंपाकघर, नव्या फरशा, कशाकडेही तिने पाहिलं नाही. जिना चढली. चष्मेवाला चौथ्या पायरीवर थांबला आणि कठडा धरून उभा राहिला. फूटपट्टी आणि त्याची बायको खाली, साडू दारात.

वर पावलं वाजली. थांबली. मग काहीच ऐकू येईना. ती परवाचीच शांतता होती. फूटपट्टीच्या बायकोने त्याचं मनगट धरलं. पाच मिनिटं झाली असतील, नाहीतर पंधरा. वर जाऊन बघावं का, असं साडूने खुणेने विचारलं.

तेवढ्यात वरून आवाज आला. "झाडू आहे का?"

फूटपट्टीची बायको धावत झाडू घेऊन गेली आणि तो देऊन लगेच खाली आली. मग वर झाडण्याचा आवाज सुरू झाला, लांब लांब, संथ. पलंग सरकल्याचा आवाज. चादर झटकल्याचा आवाज. चष्मेवाल्याने डोळे मिटून घेतले होते.

आणि मग ती बोळातून बाहेर, जिन्याच्या तोंडाशी आली. हातात मुलीची गादी, अर्धी गुंडाळलेली.

"टाकीखालची खोली आहे ती," ती नवऱ्याला म्हणाली. "टाकी गळली असती म्हणजे? तिच्या वह्या भिजल्या असत्या म्हणजे? केला होतास विचार?"

चष्मेवाल्याने डोळे उघडले.

"आणि जाळी उघडी ठेवलीस. पाली शिरल्यात आत. टेबलाखाली अंडी घातलीत त्यांनी. भिंत घालायची अक्कल होती, जाळी झाकायची नव्हती?" तिचा आवाज चढत गेला. "मी रोज आतलं ऐकत बसायचे. काहीतरी सरपटायचं. मला वाटायचं, तीच आहे. मला वाटायचं, आत अडकलीये आणि मला हाक मारता येत नाहीये तिला. आणि त्या पाली होत्या!"

चष्मेवाला चौथ्या पायरीवर बसला आणि रडू लागला. ती थांबली नाही. साडेतीन वर्षांचं सगळं तिने त्या जिन्यात काढलं. ताप चढला त्या रात्री गाडी आणायला किती उशीर केलास, दुकान का बुडवलंस, बहिणीकडे मला फसवून का धाडलंस. तो नुसती मान हलवत होता. साडू मध्ये पडायला पुढे झाला, तसं फूटपट्टीच्या बायकोने त्याची बाही धरून मागे ओढलं.

"भांडू द्या," ती कुजबुजली. "बोलताहेत ना."

दुपारपर्यंत दोघांनी मिळून खोली आवरली. चष्मेवाला दारापर्यंत आला, मग आत गेला. तक्ता काढताना एका बाजूने तिने धरला. वह्या, चपला आणि तक्ता एवढं त्यांनी नेलं. पलंग राहू द्या म्हणाले. कुणीतरी झोपेल.

रविवारचं गिऱ्हाईक आलं तेव्हा फूटपट्टीने त्यांना सगळं सांगून टाकलं. खोली, भिंत, डाग, सगळं. साडू बाजूला नेऊन त्याच्यावर उखडला. "त्यांनी विचारलं होतं का? नाही ना? मग?"

"घर त्यांचं होणार. काय घेतोय ते कळायला नको?"

ते लोक आले तसे गेले. नंतरही चारपाच जण असेच परतले. तीन महिन्यांनी एक बस चालवणारी बाई आपल्या म्हाताऱ्या आईला घेऊन आली. तिने सगळं ऐकून घेतलं, त्या खोलीत एकटीच थोडा वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "आईला अशीच खोली हवीये. उन्हाचा त्रास होतो तिला." साडूने लावलेल्या अंदाजाच्या निम्माच नफा झाला. पण पुढच्या घराचा विषय त्यानेच काढला.

त्या आठवड्यात दुपारी केस कापायच्या दुकानात ती आली. चष्मेवाल्याची बायको. केस कापायला नव्हे. फूटपट्टीला बाहेर बोलावलं.

"भाऊ, तुम्ही पुढचं घर घेणार म्हणे."

"विचार आहे."

"कामाला मला घ्या. नळवाल्याच्या आधी, रंगाऱ्याच्या आधी, मी एकटी आत जाईन. झाडून काढेन. काय कुणाचं राहिलंय ते बघेन. राहिलेलं ज्याचं त्याला पोचवायचं, मगच छिन्नी लावायची. रोजावर येईन. दया म्हणून नको."

साडूला हे सांगितलं तेव्हा तो काहीतरी विनोद करणार होता, पण केला नाही.

दुसरं घर गावाबाहेर जाणाऱ्या रस्त्यावर होतं. बैठं, मागे अंगण, दोन वर्षं बंद. सील फुटलं, किल्ली फूटपट्टीच्या हातात आली. त्याने ती चष्मेवाल्याच्या बायकोला दिली. ती झाडू घेऊन आत गेली आणि दार पुढे ओढून घेतलं. फूटपट्टी, त्याची बायको आणि साडू रस्त्याच्या कडेला झाडाखाली थांबले. फूटपट्टीच्या खिशात टेप होता, पण त्याने तो काढला नाही. एक खिडकी उघडली. बऱ्याच वेळाने दुसरी. तिसरी उघडलीच नाही.

तासाभराने ती बाहेर आली, पदराने हात पुसत.

"म्हातारा एकटाच राहायचा," ती म्हणाली. "पुढच्या खोलीतच सगळं. दिवा, औषधं, अंथरूण. बाकी घर वापरत नव्हता. पत्रं सापडलीत, लेकाचा पत्ता आहे त्यांवर. ती पाठवू." मग तिने किल्ली परत दिली. "पुढचं काम सुरू करा. मागच्या खोलीला मात्र आज हात लावू नका."

"का?" साडूने विचारलं. "काय आहे तिथे?"

"सामान काही नाही. रिकामीच आहे." तिने वळून न उघडलेल्या खिडकीकडे पाहिलं. "पण निघायला वेळ लागतो कुणाकुणाला. उद्या बघू."

साडूने फूटपट्टीकडे पाहिलं. फूटपट्टीने वही काढली, मागची खोली असं लिहिलं आणि पुढे लिहिलं, उद्या.